दवाखान्याबाहेर गेलेली गोष्ट

डॉ. रुचिता धानके टीव्हीवर दिसायला लागल्या तेव्हा शेणवे गावात सगळ्यांत जास्त मिरवली ती रत्ना. दुकानात, जीपमध्ये, पाण्याच्या टाकीवर, जिथं चार बायका भेटतील तिथं तिचं सुरू, "आमच्या मॅडम काल बघितल्या का गो?" आणि 'आमच्या' म्हणायचा तिला हक्कही होता. मॅडमची डॉक्टरकी तिनं पहिल्यापासून पाहिली होती.

रुचिता मूळची शहापूरची. वडील एसटीत कंडक्टर. मुलगी मुंबईच्या सरकारी कॉलेजातून डॉक्टर झाली आणि खेड्यातल्या सेवेचा वर्षाचा बाँड पुरा करायला शेणव्याकडच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाली. बाँडवरचे डॉक्टर वर्ष कसंबसं ढकलतात आणि पळ काढतात, हे गावाला माहीत होतं. ही मात्र रमली. रत्ना तेव्हा नुकतीच उंबरमाळीहून लग्न होऊन आलेली, आणि ओळखीनं त्याच दवाखान्यात केसपेपर काढायच्या, रांग लावायच्या कामाला लागलेली. दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. रुग्णांसमोर रत्ना तिला मॅडम म्हणायची आणि दुपारी डबा खाताना ताई.

रुचिताकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे बोलणं. वाडीवरची यमू रक्तवाढीच्या गोळ्या घरी नेऊन कौलात खोचून ठेवायची, कारण त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं आणि तिला वाटायचं आतलं रक्तच जळून चाललंय. आधीचे डॉक्टर तिच्यावर ओरडले होते. रुचितानं तिला बाकावर शेजारी बसवलं आणि विचारलं, "तुझा विळा पावसात बाहेर राहिला तर काय होतं गं?" यमू म्हणाली, गंजतो. "मग? ही गोळी म्हणजे लोखंडच आहे. तुझ्या अंगाला लागेल तेवढं लागतं, उरलेलं गंजून बाहेर पडतं." यमू हसली आणि तिथंच एक गोळी गिळून गेली. असं रोज काहीतरी व्हायचं. बायका नुसतं दुखणं दाखवायला यायच्या आणि बोलत बसायच्या. नवरा मारतो हे सांगायच्या, पाळी चुकली हे सांगायच्या, सासूला कळू देऊ नका म्हणायच्या. रुचिता दार लोटून घ्यायची. "इथलं इथंच राहील," असं तिनं म्हटलं की बाईचे खांदे खाली यायचे, हे रत्नानं कितीदा पाहिलं होतं.

बाँड संपल्यावर रुचितानं मुरबाडला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत स्वतःचा दवाखाना टाकला आणि रत्नाला तिकडे बोलावून घेतलं. रत्नाचा नवरा मंगेश शहापूर-मुरबाड जीप चालवायचा, त्यामुळे जाण्यायेण्याची चिंता नव्हती. सकाळी शेणव्याहून ती त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायची. मागे दाटीवाटीनं माणसं, टपावर भाजीच्या पाट्या, आणि मंगेशचं सगळ्यांशी अखंड बोलणं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोरगं पोलीस भरतीला गेलं, सगळं त्याला ठाऊक. माणूस बोलघेवडा, आणि माणसांत असला की फुलणारा.

त्यांना मूल नव्हतं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली, आणि सासू शकूबाई उघड बोलायला लागली. मंगेशच्या थोरल्या भावाला, पंढरीला तोवर दोन मुलं झालेली. ओटी भरायला रत्नाला बोलावणं बंद झालं. बारशाला गेली तर पाळण्याजवळ तिला जाऊ देताना बायका एकमेकींकडे बघायच्या. शेवटी रुचितानंच विषय काढला. रत्नाच्या तपासण्या झाल्या, सगळं व्यवस्थित निघालं. मग मंगेशला महामुश्किलीनं तपासणीसाठी कल्याणला पाठवलं. तो गेला, पण निकाल ऐकायला काही मुरबाडच्या दवाखान्यात येईना. जीप गल्लीच्या तोंडाशी लावून आतच बसून राहिला. आत रुचितानं रत्नाला समोर बसवलं.

"रत्ना, दोष त्याच्याकडे आहे. त्याच्या बाजूनं मूल होईल असं मला वाटत नाही."

रत्नानं उठून दार नीट लोटून घेतलं. मग म्हणाली, "ताई, यांना सांगू नका."

"असं कसं? त्याचा निकाल आहे, त्याला कळायला हवा."

"तुमी बघताव ना त्यांना. दिवसभर वीस माणसांत असतात. कुणी एक शब्द बोललं तर जीपमध्ये बसायचे नाय ते परत. मला काय, मला बोलतातच. आजून बोलतील."

"आणि तू आयुष्यभर वांझ म्हणवून घेणार?"

"घेईन."

रुचितानं खूप समजावलं. ते काही डॉक्टरकीच्या नियमात बसणारं नव्हतं. पण रत्ना हात जोडून बसली, आणि शेवटी तिनं मंगेशला आत बोलावलं. "दोघांचंही ठीक आहे. काही जोडप्यांना होत नाही, कारण सापडत नाही," असं सांगितलं. मंगेशचा चेहरा उजळला तो बघून रत्नाला वाटलं, आपण बरोबर केलं. तो बाहेर गेल्यावर रुचितानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "हे तुझ्या-माझ्यात. मरेपर्यंत."

त्या दिवसापासून रत्नाच्या मनात ती डॉक्टर राहिली नाही, बहिणीहून जवळची झाली. कारण जगात ती एकटीच होती जिला ठाऊक होतं की रत्ना कोण आहे. शकूबाईनं जेवताना टोचून बोललं, की दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी रुचिता नुसती तिच्याकडे बघायची, आणि रत्नाला तेवढं पुरायचं.

टीव्हीचं सगळं हळूहळू झालं. आधी मुरबाडच्या केबलवर गणपतीत तिचं एक भाषण दाखवलं. मग कोरोनात, सगळं बंद असताना, रुचिता मोबाइलसमोर बसून बोलायला लागली. ताप आला तर काय करायचं, घाबरायचं कधी आणि नाही कधी. मोबाइल धरायला रत्नाच असायची. ते बोलणं फोनाफोनी करत कुठल्या कुठं पोचलं आणि एका मराठी वाहिनीवरून रितेश नावाच्या माणसाचा फोन आला. कार्यक्रमाचं नाव ठरलं 'दुखणंखुपणं'. रविवारी सकाळी. डॉक्टर स्टुडिओत बसून लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणार.

पहिल्या भागाला ती रत्नाचीच निळी काठाची साडी नेसून गेली. म्हणाली, "माझ्याकडं सगळ्या डॉक्टरणीच्या साड्या आहेत गं, मला आपल्याकडच्या बाईसारखं दिसायचंय." ती साडी परत आली नाही, आणि रत्नाला त्याचा अभिमानच वाटला.

आधी आठवड्यातून एक दिवस दवाखाना बंद राहायला लागला, मग तीन दिवस. रांगेत बसलेल्या बायका विचारायच्या, मॅडम कधी येतील? रत्ना म्हणायची, येतील, शूटिंग चालू हाय. वर्षभरात रुचिता ठाण्याला राहायला गेली आणि दवाखाना एका तरुण डॉक्टरला दिला, तेव्हा रत्नाचंही तिथलं काम सुटलं. जाताना तिनं रत्नाला मिठी मारली. "मी काही लांब नाही. एक फोन कर फक्त." रत्नानं केलेही फोन. सुरुवातीला ती उचलायची, मग परत करते म्हणायची, मग दिवाळीला एक फुलांचं चित्र आलं, जे शंभर जणांना एकदम पाठवलेलं असतं तसलं. रत्नानं मनाला लावून घेतलं नाही. मोठ्या माणसाला वेळ नसतो. रविवार मात्र तिनं एकही चुकवला नाही.

त्या रविवारी पंढरीकडे सगळे जमले होते. त्याच्याकडं मोठा टीव्ही होता. शकूबाई पलंगावर, जाऊ छाया भाकरीचं पीठ मळत, पंढरीची मुलं, शेजारचे दोघेतिघे, आणि मंगेश दारात, जीपची चावी बोटात फिरवत, कारण थोड्या वेळात त्याची फेरी होती. रत्ना अगदी पुढं बसलेली.

रुचिता पडद्यावर आली. केस छान बसवलेले, आवाज तोच. "आज मी तुम्हाला औषध सांगणार नाही. आज माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगणार आहे."

रत्नाला इतकं बरं वाटलं. ती छायाकडे वळून हसलीसुद्धा.

"ती माझ्या दवाखान्यात काम करायची. तिचा नवरा जीप चालवतो. रोज सकाळी ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसून यायची, आणि वाटेत कुणीही तिला विचारायचं, काय गो, अजून काय नाय का?"

पीठ मळणारे हात थांबले. रत्नाला अजून कळत नव्हतं, की कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. मागून बासरी वाजायला लागली. रुचितानं थोडं थांबून, आवाज खाली आणून पुढचं सांगितलं. तपासण्या. कल्याण. गल्लीच्या तोंडाशी उभी जीप. आणि मग, "दोष तिच्यात नव्हताच. पण ती मला म्हणाली, ताई, यांना सांगू नका. मी वांझ म्हणवून घेईन." डोळ्यांच्या कडा पुसत तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. "आजही त्याला हे माहीत नाही. अशा बायकांना मी देवी म्हणते."

शेजारच्यांपैकी कुणीतरी खोकलं. पंढरीनं रिमोट शोधला, तो सापडेना, म्हणून उठून वायरच ओढली.

रत्नानं मागं वळून बघितलं तेव्हा दार रिकामं होतं. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

शकूबाई आधी बोलली. इतकी वर्षं सुनेला वांझ म्हणणारी ती म्हातारी आता कपाळ बडवून म्हणाली, "माझ्या पोराची अब्रू मुंबईला नेऊन विकलीस गो!"

मंगेश दिवेलागणीला परत आला. त्यानं हातपाय धुतले, मग ओटीवर बसून, खाली बघत विचारलं, "खरं हाय ते?"

"हो."

"तिला म्हाईत होतं. आणि मला नाय."

"तुमाला त्रास नको म्हणून..."

"अगो पण बायको माझी ना तू?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर रत्नाला सोपं गेलं असतं. "मी इतकी वर्षं रोज तुझ्या शेजारी बसून गाडी चालवली. तू मला बघून मनात काय बोलत होतीस? बिचारा?"

 कधीकधी रत्नाच्या मनात तो शब्द आलाही होता.

जीपमध्ये पुढचे आठ-दहा दिवस जे झालं ते तिला इतरांकडून कळलं. कुणी मुद्दाम त्या कार्यक्रमाची क्लिप मोबाइलवर लावली. किन्हवलीला एकानं उतरताना म्हटलं, "मंगेश, बायको देवी हाय रे तुझी, पूजा कर." बाकीचे हसले. ज्या माणसांच्या म्हशी-रेड्यांची तो चौकशी करायचा, तीच ही माणसं. त्यानं जीप पंढरीच्या ताब्यात दिली आणि भिवंडीला गोडाऊनवर टेम्पो चालवायला गेला. तिकडं त्याला कुणी ओळखत नव्हतं. रविवारचा यायचा, जेवायचा, झोपायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा.

रत्ना फोन करत राहिली. रुचिता उचलेना. एकदा कुणा मुलीनं उचलला, "मॅडम शूटमध्ये आहेत, कशासंदर्भात?" रत्नाला सांगता येईना कशासंदर्भात. तिनं बोललेला निरोप पाठवला, "ताई, असं का केलं तुमी?" एवढाच. त्याला उत्तर आलं नाही.

आणि मग दिवाळीनंतर एका दुपारी पांढरी गाडी अंगणापर्यंत आली आणि रुचिता उतरली. एकटीच आत आली. तिनं रत्नाला बघितलं आणि दारातच रडायला लागली. रत्नाच्या आत इतके महिने जे घट्ट झालं होतं ते क्षणात सैल झालं. आल्या, शेवटी आल्या. तिनं पाणी दिलं, चहा टाकला, आलं किसून घातलं.

"मला माफ कर रत्ना. नाव घेतलं नव्हतं गं मी. मला वाटलं, कुणाला कळणार आहे?"

"शेणव्यात जीपवाले किती, ताई? त्यांतल्या कुणाची बायको दवाखान्यात होती?"

 मग रुचितानं सगळं सांगितलं. कार्यक्रम बंद पडायला आला होता. लोकांना आता नुसती माहिती नको, गोष्टी हव्यात, असं रितेश म्हणायचा. तिनं दवाखान्यातल्या एकेका बाईची गोष्ट सांगायला घेतली. यमूची झाली, अजून कितीतरी झाल्या, आणि शेवटी उरली ती सगळ्यांत मोठी. "आणि त्यानं भलंही झालं, खरंच. किती पुरुषांचे फोन आले, आम्ही तपासणी करून घेतो म्हणून. किती बायका सुटल्या त्या बोलण्यातून."

हे खोटं नव्हतं. छायाचा भाऊच त्या कार्यक्रमानंतर बायकोला दोष द्यायचा थांबून दवाखान्यात गेला होता. रत्ना म्हणाली, "झालं असंल भलं. पण इचारायचं तरी मला."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाय."

चहा उकळून वर आला. रत्नानं तो गाळला. तिला वाटलं, आता बोलणं झालं, आता ही जुन्यासारखी भिंतीला टेकून बसेल. तेवढ्यात रुचितानं तिचा हात हातात घेतला.

"आमचा शंभरावा भाग आहे. लोक सारखं विचारतात, त्या देवीचं पुढं काय झालं. तू आलीस, मंगेशला घेऊन, दोघं शेजारी बसलात आणि त्यानं फक्त एवढं म्हटलं की मला माझ्या बायकोचा अभिमान आहे... बघ, गावाची तोंडं कायमची बंद होतील. मी हे तुमच्यासाठीच म्हणतेय."

रत्नानं दाराबाहेर बघितलं. गाडीच्या पुढच्या सीटवर एक माणूस बसला होता आणि काच खाली करून तिच्या अंगणाकडं, तुळशीकडं, कौलांकडं फोन धरून होता. तोच रितेश असणार.

तिनं रुचिताच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. डोळे अजून ओले होते. ते रडणं खरं असेल, पूर्ण खोटं तर नसेलच. पण बोलता बोलता ती जिथं थांबली, जसा आवाज खाली आणला, ते सगळं रत्नानं दर रविवारी बघितलं होतं. यातलं कुठलं आपल्यासाठी आणि कुठलं पडद्यासाठी, हे तिला आता वेगळं करता येईना. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे. बासरी वाजली तेव्हा लागलं होतं त्याहून जास्त.

"ताई, चहा घ्या आणि जा," ती म्हणाली.

"रत्ना, तू चिडली आहेस, मला समजतंय..."

"तुमाला समजतं. सगळ्यांचं समजतं तुमाला. म्हणून तर आमी बोललो तुमच्याजवळ." तिचा आवाज चढला. "यमूला म्हाईत पण नाय तिचं काय-काय सांगितलंत. तिच्याकडं टीव्ही नाय. मी बघत होते आणि हसत होते, माझ्या मॅडम किती छान सांगतात म्हणून. माझा नंबर आला तेव्हा कळलं मला."

रुचिता चहा न घेता उठली. उंबऱ्यात क्षणभर थांबली, जणू रत्ना हाक मारेल. रत्नानं हाक मारली नाही. गाडी मागं घेताना अंगणातली कुंडी फुटली, तरी कुणी उतरलं नाही.

शंभरावा भाग दुसरंच कुठलं तरी जोडपं बसवून झाला, असं छायानं सांगितलं. रुचिता आता आणखी मोठी झाली आहे. सकाळच्या कार्यक्रमातही असते, सणासुदीला सत्कारांना बोलावतात, मुरबाडच्या चौकात तिचं छायाचित्र असलेला अभिनंदनाचा फलक लागला होता. गावाला तिचा अभिमान आहे आणि रत्नानं तो कुणाचा मोडला नाही. ती फक्त रविवारी सकाळी शेतावर जाते.

मंगेशचं म्हणाल, तर तो कल्याणला एकटाच जाऊन पुन्हा तपासून आला. घरी येऊन आईसमोर, पंढरीसमोर म्हणाला, "डॉक्टरनं तेच सांगितलं. आता रत्नाला या घरात कुणी काय बोलायचं नाय." शकूबाई उठून आत गेली. रत्नाला वाटलं होतं, हे ऐकून आपण रडू. रडू आलं नाही. रात्री जेवताना तो म्हणाला, "तुला माफ केलंय असं समजू नको. पण खोटं नको आता, एवढंच." ती म्हणाली, "नाय बोलणार खोटं." तो अजून भिवंडीलाच आहे. पंढरीकडून जीप परत घ्यायची म्हणतो, पण घेत नाही.

गेल्या पावसाळ्यात रत्नाच्या पोटात सारखं दुखायला लागलं. तिनं ते आधी मंगेशला सांगितलं, तोही सुट्टी टाकून आला. मुरबाडच्या त्याच गल्लीतल्या तरुण डॉक्टरकडं दोघं गेले. डॉक्टर भला माणूस. त्यानं प्रश्न विचारले, किती दिवस, कुठं, पाळी कशी. रत्ना खुर्चीत ताठ बसून राहिली. या खोलीत तिनं कितीतरी बायकांना हात धरून आणून बसवलं होतं, बोला, घाबरू नका म्हणून. आता तिचं तोंड उघडेना. मंगेशनं थोडा वेळ वाट बघितली, मग तोच सांगायला लागला, अडखळत, बायकांच्या गोष्टी त्याला जमतील तशा शब्दांत. जिथं चुकला तिथं तिनं हळूच त्याच्या कानाशी लागून बरोबर सांगितलं, आणि ते त्यानं डॉक्टरला सांगितलं.